बर्फातली गाडी आणि वास नसलेले विष

डिसेंबर उजाडला की आमच्या ओपीडीत एक ठरावीक मागणी सुरू होते. ‘डॉक्टर, मनालीला निघालोय. उंचीवर त्रास होऊ नये म्हणून गोळ्या लिहून द्या.’ गेल्या हिवाळ्यात असेच एक कुटुंब आले होते. साठीतले मधुमेही वडील, आई, मुलगा, सून आणि चार वर्षांची नात. पुण्याहून स्वतःच्या गाडीने जाणार होते. गोळ्या लिहून झाल्यावर मी मुलाला विचारले, ‘गाडीचे काय केलेत?’ ‘सर्व्हिसिंग झाले, पीयूसी काढली.’ ‘आणि सायलेन्सर तपासला?’ तो हसला. डॉक्टरला सायलेन्सरशी काय देणे-घेणे, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट वाचता येत होते. त्याचे उत्तर आज सविस्तर देतो.

३ ऑक्टोबर २०२० रोजी अटल बोगदा खुला झाला आणि हिवाळ्यातही गाडीने लाहौलमध्ये उतरता येऊ लागले. सुमारे नऊ किलोमीटरचा हा बोगदा तीन हजार मीटरहून अधिक उंचीवर आहे. बर्फ बघायला येणाऱ्यांची गर्दी वाढली, आणि ऐन गर्दीत बर्फवृष्टी सुरू झाली की गाड्या जागच्या जागी अडकतात. डिसेंबर २०२४ मध्ये सोलंग ते अटल बोगदा या टप्प्यात शेकडो गाड्या अडकल्या आणि पोलिसांनी पर्यटकांना बाहेर काढले. सगळीकडे असे सुखरूप घडत नाही. पाकिस्तानातील मरी या थंड हवेच्या ठिकाणी ७ जानेवारी २०२२ च्या रात्री बर्फात अडकलेल्या गाड्यांमध्ये वीसहून अधिक माणसे दगावली. त्यात लहान मुलेही होती. गारठा आणि गाडीत साठलेला कार्बन मोनॉक्साइड, ही दोन कारणे तेव्हा पुढे आली. म्हणून डोंगरातल्या हिवाळी प्रवासासाठी गाडी तयार करताना ‘ती चालेल का?’ एवढेच विचारून भागत नाही. ‘अडकलो, तर या गाडीत एक रात्र जिवंत काढता येईल का?’ हेही विचारावे लागते.

मुलखाचे हवामान बदलते

आधी यंत्राकडे पाहू. आपल्याकडची गाडी उन्हाळ्याला सरावलेली असते. रेडिएटरमध्ये कूलंट कमी झाले की आपण बिनदिक्कत नळाचे पाणी ओततो. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते आणि इंजिनला तडा जाऊ शकतो. कूलंट आणि शुद्ध पाणी निम्मे-निम्मे असेल, तर मिश्रण उणे पस्तीस अंशांच्या आसपासपर्यंत गोठत नाही. इथे एक वैद्यकीय सूचना. बहुतेक कूलंटमध्ये एथिलीन ग्लायकॉल असते. ते चवीला गोडसर आणि मूत्रपिंडांसाठी अत्यंत घातक असते. उरलेले कूलंट पाण्याच्या बाटलीत भरून गाडीत कधीही ठेवू नका. लहान मुलाच्या जिवावर बेतायला त्याचे काही घोटही पुरतात.

गोठणबिंदूपाशी बॅटरीची ताकद साधारण एक तृतीयांशाने घटते, आणि त्याच वेळी घट्ट झालेल्या ऑइलमुळे इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो. तीन-चार वर्षे जुनी बॅटरी निघण्यापूर्वी तपासून घ्या. डिझेलमधले मेण कडाक्याच्या थंडीत गोठून फिल्टर तुंबवते; लडाखमध्ये २०१९ पासून उणे ३३ अंशांपर्यंत टिकणारे हिवाळी डिझेल त्यासाठीच मिळते. टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नका.

टायरच्या खाचा कायद्याने किमान १.६ मिलिमीटर असाव्या लागतात. बर्फावर त्या चार मिलिमीटर तरी हव्यात. तापमान दहा अंशांनी उतरले की टायरमधला दाब दीड-दोन पीएसआयने कमी होतो. उंचीमुळे त्यातला थोडा भरून निघतो, म्हणून अंदाज न बांधता तिथे पोहोचल्यावर सकाळी, टायर गार असताना हवा मोजा. साखळ्या नेणार असाल तर इंजिनचा जोर ज्या चाकांवर येतो त्यांनाच त्या लावायच्या असतात. आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांत ती पुढची चाके. घरासमोर एकदा सराव करा. रात्री हँडब्रेक गोठून अडकू शकतो, त्यामुळे सपाट जागी गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावणे बरे.

सायलेन्सर का तपासायचा?

आता मूळ मुद्दा. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एका तरुण मुलीला बेशुद्धावस्थेत आणले होते. बंद न्हाणीघरात गॅस गिझर चालू होता. तिच्या बोटाला लावलेला ऑक्सिमीटर ९८ टक्के दाखवत होता. नातेवाईक पुन्हा पुन्हा म्हणत होते, ‘ऑक्सिजन तर चांगला आहे!’ कार्बन मोनॉक्साइडचे कपट हेच. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. ऑक्सिजनची जागा त्याने बळकावली तरी नेहमीच्या ऑक्सिमीटरला हा फरक कळत नाही. कोविडनंतर घरोघरी आलेले ते छोटे यंत्र इथे खोटा धीर देते. ती मुलगी वाचली, कारण दार वेळेत फोडले गेले.

बर्फात अडकलेली, काचा बंद आणि इंजिन चालू असलेली गाडी म्हणजे तसेच न्हाणीघर. बर्फ साचून सायलेन्सरचे तोंड बुजले की धूर गाडीखाली कोंडतो आणि फटींतून, हवेच्या मार्गांतून आत येतो. गंजलेला किंवा सांध्यात फुटलेला सायलेन्सर असेल, तर बर्फाचीही गरज नाही. पीयूसीमध्ये नळीच्या टोकाशी बाहेर पडणारा धूर मोजतात. मधल्या नळीला भोक आहे का, हे त्यात पाहिले जात नाही. म्हणून निघण्यापूर्वी मेकॅनिकला गाडी वर उचलून इंजिनपासून टोकापर्यंत सगळे सांधे बघायला सांगा. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा छोटा अलार्म मिळतो, तोही बरोबर ठेवा.

अडकलात, तर नियम थोडे आणि कडक आहेत. इंजिन सुरू करण्यापूर्वी उतरून सायलेन्सरभोवतीचा बर्फ काढा. बर्फ पडत असेल तर प्रत्येक वेळी काढा. तासाला दहा मिनिटेच इंजिन चालवा, तेव्हा वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची काच दोन बोटे खाली ठेवा. सगळ्यांनी एकाच वेळी झोपू नका. कोळशाची शेगडी किंवा छोटा गॅस स्टोव्ह गाडीत, तंबूत, बंद खोलीत पेटवू नका.

डोके दुखणे, मळमळ, चक्कर, गुंगी ही या विषबाधेची लक्षणे आहेत. विरळ हवेच्या त्रासाचीही जवळपास हीच. त्यामुळे ‘उंचीमुळे होतंय, झोपलास की बरं वाटेल’ असे म्हणण्याची चूक सहज होते. गाडीतल्या दोघा-तिघांना एकदम असे होऊ लागले तर आधी वायूचा संशय घ्या. इंजिन बंद करा, दारे उघडा, सगळ्यांना मोकळ्या हवेत न्या, ११२ ला फोन लावा. रुग्णालयात ‘बंद गाडीत इंजिन चालू होते’ हे आवर्जून सांगा. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात. मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर सुमारे तास-दीड तास. गरोदर स्त्रीला बरे वाटत असले तरी तपासणी हवीच, कारण गर्भाला जास्त धोका असतो.

डिक्कीत नव्हे, हाताशी

इंजिन बंद ठेवायचे तर ऊब दुसरीकडून हवी. माणशी एक जाड पांघरूण, कोरडे मोजे, कानटोपी, बॅटरी, पॉवर बँक, छोटे फावडे, चिक्की, खजूर, पाणी. हे सगळे सीटवर असू द्या, गोठलेल्या डिक्कीत नको. ब्रँडीने ऊब येते हा गैरसमज आहे. दारूने त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, माणसाला गरम वाटते आणि शरीर उष्णता गमावत राहते. कुडकुडणारा माणूस अचानक कुडकुडायचा थांबला आणि बरळू लागला, तर ती सुधारणा समजू नका, धोक्याची खूण आहे. आणि हृदयविकार असलेल्यांनी गाडी ढकलायला किंवा बर्फ उपसायला उतरू नये. थंडीने आकसलेल्या रक्तवाहिन्या आणि अचानक पडलेला जोर, हे दोन्ही एकत्र नको.

औषधांचेही तसेच. इन्सुलिन एकदा गोठले की वितळले तरी निकामी. ते रात्री गाडीत सोडू नका, आतल्या खिशात ठेवा. गारठ्यात ग्लुकोमीटर चुकीचे आकडे दाखवू शकतो किंवा चालतच नाही. पायांची संवेदना कमी झालेल्या मधुमेहींनी हीटरच्या झोताशी पाय नेऊ नयेत. भाजलेले कळत नाही.

ते पुण्याचे कुटुंब जानेवारीत पुन्हा आले, वडिलांच्या नेहमीच्या तपासणीला. मुलाने सांगितले, मी म्हटले म्हणून त्याने गाडी वर उचलून बघायला लावली होती. मधल्या सांध्यात काजळीचा काळा डाग आणि बोटभर फट निघाली. सांधा बदलून घेतला. सोलंगच्या पुढे बर्फ सुरू झाल्यावर ते वाट न बघता मागे फिरले, अटल बोगदा बघायचा राहिला. नात अजून रुसलेली होती. मी तिला म्हटले, ‘बोगदा कुठे पळून जात नाही, पुढच्या वर्षी बघ.’

वाचकहो, तुम्ही निघण्यापूर्वी माझ्याकडून गोळ्या जरूर घेऊन जा. पण त्याआधी एक फेरी गॅरेजमध्ये मारा.