कामाइशीतील त्सुनामी शिक्षण

कामाइशीतील त्सुनामी शिक्षण हा जपानच्या इवाते प्रांतातील कामाइशी या किनारी शहराने आपल्या प्राथमिक व माध्यमिक शाळांतून अनेक वर्षे राबवलेला आपत्ती-सज्जतेचा कार्यक्रम आहे. ११ मार्च २०११ च्या महाभूकंपात व त्यानंतरच्या त्सुनामीत शहरातील एक हजारांहून अधिक लोक मृत्युमुखी पडले किंवा बेपत्ता झाले. शाळांच्या पटावरील सुमारे २,९०० मुलांपैकी मात्र पाच वगळता सर्व वाचली. त्यामुळे दीर्घकालीन प्रशिक्षण आणि सराव यांची आखणी कशी असावी, याचे उदाहरण म्हणून या कार्यक्रमाचा उल्लेख होतो. त्याच शहरात, त्याच दिवशी, सोयीसाठी चुकीच्या जागी घेतलेला सराव किती घातक ठरू शकतो हेही दिसून आले.

पार्श्वभूमी

कामाइशी सान्रिकु किनाऱ्यावर वसले आहे. येथील किनारा दंतुर असून डोंगर थेट समुद्रात उतरतात. अरुंद होत जाणाऱ्या उपसागरांत शिरताना त्सुनामीची उंची वाढते. १८९६ च्या त्सुनामीत या किनाऱ्यावर सुमारे २२,००० माणसे दगावली. त्या वेळी भूकंपाचा धक्का सौम्य जाणवल्यामुळे अनेकांना धोक्याची कल्पनाच आली नव्हती. पुढे १९३३ मध्ये पुन्हा मोठी त्सुनामी आली, आणि १९६० मध्ये चिलीतील भूकंपाची लाट पॅसिफिक महासागर ओलांडून येथे पोहोचली.

उपसागराच्या मुखाशी लाटरोधक भिंत बांधण्याचे काम १९७८ मध्ये सुरू झाले व २००९ मध्ये पूर्ण झाले. ६३ मीटर खोल पाण्यात उभारलेली ही भिंत जगातील सर्वांत खोल लाटरोधक भिंत म्हणून नोंदली गेली. अशा बांधकामांमुळे आणि धोक्याचे क्षेत्र दाखवणाऱ्या नकाशांमुळे नागरिकांत एक प्रकारची निश्चिंतता आली. इशारा मिळूनही घर सोडणाऱ्यांचे प्रमाण अत्यल्प असे.

कार्यक्रमाची सुरुवात

गुन्मा विद्यापीठातील प्राध्यापक तोशिताका काताडा यांनी २००४ पासून कामाइशीत काम सुरू केले. प्रारंभी त्यांनी प्रौढांसाठी व्याख्याने दिली; परंतु व्याख्यानांना पुन्हा पुन्हा तीच, मुळातच जागरूक असलेली मंडळी येत असल्याचे त्यांच्या लक्षात आले. म्हणून त्यांनी शाळांकडे मोर्चा वळवला. आजची मुले दहा वर्षांत प्रौढ होतील, आणखी दहा वर्षांत पालक होतील, आणि मग सुरक्षित राहण्याची रीत घराघरांतून आपोआप पुढे जाईल, असा त्यामागील विचार होता. कार्यक्रमाची मुदत, थोडक्यात, वर्षांत नव्हे तर पिढ्यांत मोजलेली होती.

आखणी

शिक्षणाधिकारी व शिक्षक यांच्या सहभागातून तयार झालेली शिक्षकांसाठीची मार्गदर्शिका २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. शहरातील नऊ प्राथमिक व पाच माध्यमिक अशा १४ शाळांसाठी ती होती. या आखणीची प्रमुख वैशिष्ट्ये पुढीलप्रमाणे होती.

• स्वतंत्र विषय न वाढवता त्सुनामीचे शिक्षण नेहमीच्या विषयांत गुंफले गेले. उदाहरणार्थ, लाटेचा वेग हा गणिताचा विषय झाला, तर गावातील जुन्या आपत्ती हा परिसर अभ्यासाचा.

• इयत्तेनुसार अपेक्षा वाढत जात. लहान मुलांनी पळायला शिकावे, मोठ्यांनी इतरांना मदत करायला शिकावे, असा क्रम होता.

• शाळेतून घरी जाताना कोठे धावायचे, याचा विचार मुलांनी स्वतः वाटा तपासून केला.

• शेजारी असलेल्या उनोसुमाई प्राथमिक शाळा व कामाइशी पूर्व माध्यमिक शाळा यांनी संयुक्त सराव घेतले.

• पालकांनाही या कामात ओढले गेले. मूल स्वतःहून उंच जागी जाईल असा विश्वास पालकांना वाटला, तरच ते त्याला शोधायला लाटेच्या दिशेने येणार नाहीत, हे त्यांना समजावण्यात आले.

या शेवटच्या मुद्द्यामागे सान्रिकु भागातील ‘त्सुनामी तेंदेन्को’ ही उक्ती आहे. ‘त्सुनामी आली की ज्याने त्याने आपापले पळावे’ असा तिचा अर्थ. वरवर निष्ठुर वाटणारी ही शिकवण परस्परविश्वासावर उभी आहे. एकमेकांची वाट पाहत कुटुंबेच्या कुटुंबे नष्ट झाल्याच्या अनुभवातून ती आली.

तीन तत्त्वे

काताडा यांनी मुलांना तीन तत्त्वे शिकवली: गृहीतकांवर विसंबू नका, त्या परिस्थितीत शक्य ते सर्व करा, आणि इतरांची वाट न पाहता सर्वांत आधी निघा. पहिले तत्त्व विशेष महत्त्वाचे आहे. धोक्याचा नकाशा एका विशिष्ट अंदाजावर बेतलेला असतो आणि निसर्गावर त्या अंदाजाचे बंधन नसते, हे मुलांना नकाशा हातात देतानाच सांगितले जाई.

११ मार्च २०११

दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी ९.० तीव्रतेचा भूकंप झाला. कामाइशी पूर्व माध्यमिक शाळेत वीज गेल्यामुळे ध्वनिक्षेपकावरून सूचना देता आली नाही. विद्यार्थी तिची वाट न पाहता धावू लागले. शेजारच्या प्राथमिक शाळेतील मुले सुरुवातीला इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर गेली होती. मोठी मुले पळताना दिसल्यावर तीही खाली उतरून त्यांच्यामागे निघाली. दोन्ही शाळा नकाशातील धोक्याच्या क्षेत्राबाहेर होत्या.

ठरलेल्या जागी पोहोचल्यावर मागील कडा ढासळत असल्याचे दिसले. तेव्हा सर्व जण आणखी वरच्या जागी गेले. तेथूनही, पाणी येताना पाहून, अधिक उंचीवर चढले. वाटेत माध्यमिक शाळेच्या विद्यार्थ्यांनी लहान मुलांचे हात धरले. त्यांनी सोडलेली पहिली जागा आणि दोन्ही शाळा पाण्याखाली गेल्या.

कामाइशी प्राथमिक शाळेची परीक्षा याहून कठीण होती. त्या दिवशी शाळा लवकर सुटल्याने बहुतेक मुले घरी किंवा बाहेर खेळत होती. सांगायला शिक्षक जवळ नसतानाही या शाळेची सर्व १८४ मुले वाचली. शहरात मरण पावलेली पाच मुले त्या वेळी शाळेच्या देखरेखीखाली नव्हती.

उनोसुमाई केंद्रातील दुर्घटना

उनोसुमाई भागात २०१० मध्ये आपत्ती-निवारण केंद्राची इमारत सुरू झाली. ती सखल भागात होती. आपत्तीनंतरच्या मुक्कामासाठी ती योजलेली असून, त्सुनामीच्या वेळी तातडीने जाण्याचे ठिकाण म्हणून तिची निवड झालेली नव्हती. तथापि खरी जागा उंचावर व वृद्धांना गैरसोयीची असल्याने स्थानिक सरावात लोक या केंद्रातच जमत. अधिक लोकांनी भाग घ्यावा हा त्यामागील हेतू होता. ३ मार्च २०११ रोजी झालेल्या सरावातही हेच घडले. आठ दिवसांनी लोक सवयीने तेथेच गेले आणि शंभराहून अधिक जणांचा मृत्यू झाला.

या घटनेची नंतर अधिकृत चौकशी झाली. उपस्थितीच्या आकड्यावरून सरावाचे यश मोजले, तर तो सराव नेमके काय शिकवतो याकडे दुर्लक्ष होऊ शकते, हे या दुर्घटनेतून स्पष्ट होते.

ओकावा शाळेशी तुलना

मियागी प्रांतातील इशिनोमाकी शहराच्या ओकावा प्राथमिक शाळेत याच त्सुनामीत १०८ पैकी ७४ मुले व १० शिक्षक मरण पावले किंवा बेपत्ता झाले. ही शाळाही धोक्याच्या क्षेत्राबाहेर दाखवलेली होती. कोठे जावे हे आधी नीट ठरलेले नसल्याने मुले बराच वेळ मैदानावरच थांबली. सेंदाई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये, आपत्तीपूर्वी पुरेशी तयारी न केल्याबद्दल स्थानिक प्रशासनाला जबाबदार धरले; २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हा निकाल कायम झाला. संकटाच्या क्षणी गोंधळलेल्या शिक्षकांपुरता दोष मर्यादित न ठेवता, शांततेच्या काळातील नियोजन हे प्रशासनाचे कर्तव्य ठरवणारा म्हणून हा निकाल महत्त्वाचा मानला जातो.

‘चमत्कार’ या शब्दाविषयी

प्रसारमाध्यमांनी मुलांच्या बचावाला ‘कामाइशीचा चमत्कार’ म्हटले. वाचलेल्या विद्यार्थ्यांपैकी काहींना हा शब्द पटला नाही. जे शिकलो तेच केले, अशी त्यांची भावना होती. आप्त गमावलेल्यांच्या दुःखाचाही विचार करून शहराने पुढे ‘कामाइशीची घटना’ असा साधा शब्दप्रयोग स्वीकारला.

सद्यस्थिती

दोन्ही शाळांच्या जागी उभारलेल्या क्रीडांगणात २०१९ च्या रग्बी विश्वचषकातील फिजी विरुद्ध उरुग्वे हा सामना झाला. आपत्ती-निवारण केंद्राची इमारत पाडण्यात आली असून तेथे आता मृतांचे स्मृतिस्थळ आहे.