युरोपात बॉर्डर नाही म्हणतात, तरी पासपोर्ट जवळच ठेवा

"तिकडे एका देशातून दुसऱ्या देशात जाताना कोणी काही विचारत नाही," असं युरोपात फिरून आलेले नातेवाईक हमखास सांगतात. खोटं नाही ते, पण अर्धंच खरं आहे. उरलेल्या अर्ध्यामुळे बायकामुलांसह गेलेली माणसं स्टेशनवर अडकतात, म्हणून हा विषय आम्ही आज घेतला.

१९८५ साली लक्झेंबर्गमधल्या शेंगेन या छोट्या गावाजवळ पाच देशांनी करार केला की आपापसातल्या सीमांवरची तपासणी हळूहळू बंद करायची. १९९५ पासून तो अंमलात आला. आज त्यात २९ देश आहेत. युरोपियन युनियन आणि शेंगेन मात्र एकच नव्हेत. स्वित्झर्लंड आणि नॉर्वे युनियनमध्ये नाहीत, पण शेंगेनमध्ये आहेत. आयर्लंडचं नेमकं उलटं. आणि ब्रिटन दोन्हीकडे नाही.

आपल्या लोकांचा घोळ होतो तो इथंच. कोकणातल्या कितीतरी घरांतली मुलं, सुना, जावई इंग्लंडात आहेत. अम्मी-अब्बा भेटायला जातात आणि तिथं गेल्यावर ठरतं, चला, दोन दिवस पॅरिस बघून येऊ. पण ब्रिटनच्या व्हिसावर पॅरिसला जाता येत नाही. लंडनला ट्रेनमध्ये बसायच्या आधीच, स्टेशनवरच फ्रेंच पोलीस पासपोर्ट बघतात. पॅरिस करायचं असेल तर शेंगेन व्हिसा भारतातूनच काढून निघावं.

व्हिसा किती वेळा आत येण्याचा आहे, तेही नीट वाचा. एकदाच प्रवेशाचा व्हिसा असेल आणि तुम्ही क्रोएशिया बघता बघता सारायेवोला जाऊन आलात, तर परत येताना दार बंद. बोस्निया शेंगेनमध्ये नाही. तिकडे पाऊल टाकलं की तुमचा एक प्रवेश संपला. मुक्कामाची मर्यादा १८० दिवसांत ९० दिवसांची, आणि व्हिसावर कमी दिवस लिहिले असतील तर तेवढेच. आल्याचा आणि निघाल्याचा, दोन्ही दिवस मोजले जातात. ऑक्टोबर २०२५ पासून पासपोर्टवरच्या शिक्क्याच्या जागी बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेणारी संगणकी नोंद टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे. त्यामुळे "शिक्का पुसट होता हो साहेब" हे आता चालणार नाही. बारा वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत.

आता आतल्या सीमांबद्दल. कायद्याने तिथं कायमची तपासणी नाही, पण धोका असल्याचं सांगून देश ती तात्पुरती लावू शकतात, आणि हे तात्पुरतं फार लांबतं. फ्रान्सने २०१५ च्या नोव्हेंबरात लावली, नंतर मुदत वाढवतच नेली. जर्मनीने सप्टेंबर २०२४ पासून जमिनीवरच्या सगळ्या सीमांवर लावली. समजा तुम्ही ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गला उतरलात आणि दिवसभरासाठी ट्रेनने म्युनिकला निघालात. पासपोर्ट हॉटेलच्या लॉकरमध्ये, मोबाईलमध्ये फोटो. पोलीस डब्यात चढले तर त्या फोटोला किंमत नाही. आधार कार्डाला तर नाहीच नाही! तिथले नागरिक आपलं ओळखपत्र दाखवून सुटतात, आपल्याला मूळ पासपोर्ट आणि व्हिसा लागतो. जर्मनीत शिकणाऱ्या मुलांनीही हे लक्षात ठेवावं. तिथलं रहिवासी कार्ड असेल तर इतर शेंगेन देशांत फिरता येतं, पण कार्डासोबत पासपोर्ट हवाच.

सगळ्यांना सारखं अडवतात का? हा प्रश्न आपल्या मनात येतोच, आणि तो निराधार नाही. २०१८ मध्ये म्पान्झू बामेंगा हे नेदरलँड्समधले कृष्णवर्णीय नगरसेवक रोमहून परतत असताना आइंटहोवन विमानतळावर त्यांना तपासणीसाठी बाजूला घेतलं गेलं. ते काही संघटनांसह कोर्टात गेले. खालच्या कोर्टात हरले, पण फेब्रुवारी २०२३ मध्ये हेगच्या अपील कोर्टाने निकाल दिला की सीमा पोलिसांनी माणूस निवडताना वंश हा निकष वापरायचा नाही. आम्हाला हा निकाल मोठा वाटतो. अर्थात, अधिकाऱ्याने कागद मागितल्यावर डब्यात वाद घालून उपयोग नाही. कागद दाखवावेत, तारीख, वेळ, ठिकाण लिहून ठेवावं आणि तक्रार नंतर लेखी करावी.

व्हिसाच्या फोटोत धार्मिक कारणासाठी डोक्यावर स्कार्फ चालतो, फक्त हनुवटीपासून कपाळापर्यंत चेहरा स्पष्ट दिसला पाहिजे. नकाब घालणाऱ्या बहिणींना सीमेवर चेहरा दाखवावा लागतो. महिला अधिकाऱ्यासाठी विनंती करायला संकोचू नये.

नावाचंही बघा. पासपोर्टवर 'मोहम्मद' पूर्ण आणि तिकिटावर नुसतं 'मोहं.', हा प्रकार आपल्याकडे घरोघरी आहे. तिकीट काढताना पासपोर्टवरचं अक्षर न् अक्षर उतरवा.

आणि पासपोर्ट हरवलाच तर आधी पोलिसांत नोंद, मग भारतीय दूतावास. तातडीने तिथं जो दाखला मिळतो, तो फक्त भारतात परतण्यापुरता असतो. त्यावर पुढची सफर होत नाही.