ब्रिटिश लष्करी विमाने, ऐतिहासिक

ब्रिटिश लष्करी विमाने, ऐतिहासिक : (जतन व इतिहाससंशोधन). ब्रिटनच्या सैनिकी दलांच्या सेवेतून निवृत्त झालेली, अपघातांत सापडलेली वा युद्धात नष्ट झालेली विमाने व त्यांचे अवशेष टिकवून ठेवणे आणि त्यांतील प्रत्येक विमानाचा सेवाकाल साधनांच्या आधारे निश्चित करणे, अशा दोन कार्यांचा या विषयात समावेश होतो. पहिल्या कार्याचा संबंध धातू, लाकूड, कापड व रंग यांच्याशी, तर दुसऱ्याचा दप्तरांशी येतो. ही दोन्ही कार्ये परस्परांवाचून अपुरी राहतात. नोंदींचा आधार नसलेले विमान हा त्या बनावटीचा केवळ एक नमुना ठरतो. उलटपक्षी, प्रत्यक्ष अवशेषांशी ताडून न पाहिलेल्या नोंदींतील चुका एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकात उतरत राहतात. लष्करी विमान हे अल्पायुषी यंत्र असते. सेवाकालात त्याचे पंख, एंजिन व अन्य भाग वारंवार बदलले जातात. त्यामुळे पुष्कळदा त्याच्या क्रमांकामुळेच त्याची ओळख अखेरपर्यंत टिकते.

ऱ्हास व जतनाचा आरंभ : पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस ब्रिटनजवळ हजारो विमाने शिल्लक उरली होती. १९२० मध्ये स्थापन झालेल्या एअरक्राफ्ट डिस्पोजल कंपनीने शिलकी विमाने, एंजिने व सुटे भाग घाऊक विकत घेतले. त्यांतील काही विमाने परदेशी गेली व बरीचशी मोडीत निघाली. इंपीरियल वॉर म्यूझियम (स्थापना १९१७) यासारख्या संस्थांनी राखलेली मोजकी विमाने तेवढी वाचली. दुसऱ्या महायुद्धानंतर हीच प्रक्रिया अधिक मोठ्या प्रमाणावर घडली आणि विमानांच्या सांगाड्यांतील ॲल्युमिनियम वितळवून अन्य उपयोगांत आणले गेले. परिणामी उत्पादित व शिल्लक विमानांच्या आकड्यांत विलक्षण तफावत आढळते. व्हिकर्स वेलिंग्टन जातीची ११,४६१ विमाने तयार झाली. त्यांपैकी दोन आज ओळखण्याजोग्या स्वरूपात उरली आहेत. हॉकर टायफून जातीच्या सु. ३,३०० विमानांपैकी एकच पूर्ण विमान शिल्लक आहे आणि तेही चाचणीसाठी अमेरिकेस पाठविले गेल्यामुळे वाचले; १९६८ मध्ये ते ब्रिटनला परत मिळाले. शॉर्ट स्टर्लिंग (सु. २,३७०) व आर्मस्ट्राँग व्हिटवर्थ व्हिटली (सु. १,८००) या बाँबफेकी विमानांचा एकही पूर्ण नमुना उरलेला नाही. ॲव्हरो लँकेस्टर जातीच्या ७,३७७ विमानांपैकी उड्डाणक्षम अशी दोनच आहेत. एक ब्रिटनमध्ये व दुसरे कॅनडात.

जतनाचे प्रारंभीचे कार्य प्रामुख्याने व्यक्तींच्या पुढाकाराने झाले. रिचर्ड शटलवर्थ यांनी बेडफर्डशरमधील ओल्ड वॉर्डन येथे जुनी विमाने जमविली. १९४० मध्ये हवाई दलाच्या सेवेत असता विमान अपघातात त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या मातोश्रींनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या न्यासाने हा संग्रह पुढे चालविला. मॉस्किटो या लाकडी विमानाचा आद्य नमुना (डब्ल्यू ४०५०) जेथे त्याचा आराखडा तयार झाला, त्या सॉल्झबरी हॉल येथे जपला गेला व १९५९ पासून लोकांना पाहण्यास खुला झाला. रॉयल एअर फोर्सने १९५७ मध्ये बिगिन हिल येथे ऐतिहासिक विमानांची एक उड्डाण तुकडी उभारली. तीच पुढे ‘बॅटल ऑफ ब्रिटन मेमोरियल फ्लाइट’ या नावाने प्रसिद्ध झाली असून तिचे ठाणे लिंकनशरमधील कॉनिंग्झबी येथे आहे. १९६७ मध्ये विखुरलेल्या संस्थांचा समन्वय साधणारी ब्रिटिश एव्हिएशन प्रिझर्व्हेशन कौन्सिल ही परिषद स्थापन झाली. रॉयल एअर फोर्स म्यूझियम १९७२ मध्ये लंडनच्या हेंडन भागात सुरू झाले. याच दशकात डक्सफर्ड येथील जुन्या विमानतळावर इंपीरियल वॉर म्यूझियमची मोठी शाखा विकसित झाली.

क्रमांकपद्धती व ओळख : ब्रिटिश लष्करी विमानांना १९१२ पासून एकाच सामाईक मालिकेतील अनुक्रमांक देण्यात येतात. आरंभी केवळ अंक होते. ते १०,००० पर्यंत पोहोचल्यावर एक अक्षर व अंक अशी रचना आली आणि १९४० पासून दोन अक्षरे व तीन अंक ही पद्धती रूढ झाली. उत्पादनाचा खरा आकडा शत्रूस कळू नये म्हणून १९३० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धापासून मालिकेत मधूनमधून क्रमांकांचे गट मुद्दाम रिकामे सोडले गेले. त्यामुळे क्रमांकांच्या वजाबाकीवरून उत्पादन मोजणे चुकीचे ठरते. स्क्वॉड्रनची सांकेतिक अक्षरे व विमानाचे स्वतंत्र अक्षर यांची गोष्ट निराळी आहे. एक विमान नष्ट झाले, की तेच अक्षर त्याच्या जागी आलेल्या विमानास मिळे. म्हणून जुन्या छायाचित्रातील अक्षरांवरून विमान ओळखताना दिनांकाचा आधार अनिवार्य असतो.

विमान दुसऱ्या देशास दिले गेल्यास त्याचा क्रमांक बदलतो. प्रदर्शनात ठेवलेल्या विमानांवर कित्येकदा दुसऱ्याच एखाद्या प्रसिद्ध विमानाची चिन्हे रंगविलेली असतात. अशा वेळी रंगाचे थर एकेक करून घासून खालचे अंक शोधणे, सांगाड्याच्या आतील भागांवर ठोकलेले निर्मितिक्रमांक वाचणे आणि दुरुस्तीची ठिगळे नोंदींशी ताडून पाहणे हे उपाय योजतात. पी ७३५० हे स्पिटफायर १९४० च्या ‘बॅटल ऑफ ब्रिटन’ या हवाई युद्धात लढले होते. १९४८ मध्ये ते भंगार म्हणून विकले गेले. तथापि खरेदीदारांना त्याच्या इतिहासाची जाणीव झाल्याने त्यांनी ते हवाई दलाच्या कोलर्न येथील संग्रहालयास भेट दिले. आज ते उड्डाणक्षम अशा जुन्या स्पिटफायर विमानांपैकी एक गणले जाते. त्याच्या पंखावर गोळ्यांची छिद्रे बुजविल्याच्या खुणा अजून दिसतात.

कागदपत्रे : संशोधनाची मूळ साधने हवाई दलाच्या नित्य व्यवहारातून निर्माण झालेली आहेत. ‘फॉर्म ७८’ या पत्रावर विमान कोणत्या तुकडीकडे केव्हा गेले याची, तर ‘फॉर्म ११८०’ वर अपघाताची नोंद असे. तुकड्यांच्या कार्यवाही नोंदवह्यांपैकी ‘फॉर्म ५४०’ मध्ये दैनंदिन घटनांचा गोषवारा व ‘फॉर्म ५४१’ मध्ये प्रत्येक मोहिमेतील विमानाचा क्रमांक, चालकदल, उड्डाणाची व परतण्याची वेळ असा तपशील मिळतो. यांखेरीज वैमानिकांच्या व्यक्तिगत उड्डाण नोंदवह्या, हानीविषयक फायली, कारखान्यांची दप्तरे व छायाचित्रे उपयोगी पडतात. दुसऱ्या महायुद्धकालीन ब्रिटिश सरकारी कागदपत्रांचा फार मोठा भाग १९७२ मध्ये अभ्यासकांना खुला झाला. नोंदवह्या आता लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या एअर-ब्रिटन या हौशी अभ्यासकांच्या संस्थेने अशा साधनांवरून क्रमांकवार सूची तयार करून प्रसिद्ध केल्या. या क्षेत्रातील बरेचसे पायाभूत काम विनावेतन झालेले आहे.

या साधनांना मर्यादाही आहेत. चलनपत्रावर विमान कोणाकडे होते हे कळते. ते त्या दिवशी उडाले की नाही हे कळत नाही. नोंदवह्या बहुधा लेखनिक नंतर टंकलिखित करीत. त्यामुळे अंकांची अदलाबदल व जुन्या क्रमांकाची पुनरुक्ती आढळते. दैनंदिन देखभालीची पत्रके उपयोग संपताच बहुधा नष्ट केली जात. म्हणून एका साधनातील विधान दुसऱ्या स्वतंत्र साधनाने पडताळल्याखेरीज स्वीकारू नये, हा या संशोधनाचा मूलभूत नियम होय.

अवशेषांचा शोध : सरोवरांच्या तळाशी काही विमाने आश्चर्यकारकपणे टिकून राहिली आहेत. १९४० च्या अखेरच्या दिवशी स्कॉटलंडमधील लॉख नेस या सरोवरात उतरविलेले वेलिंग्टन (एन २९८०) १९७६ मध्ये तेथील कथित जलप्राण्याचा ध्वनिलहरींनी शोध घेताना आढळले. १९८५ मध्ये ते वर काढण्यात आले व जेथे त्याची निर्मिती झाली होती त्या ब्रुकलँड्झ येथे ठेवण्यात आले. नॉर्वेतील हॉक्लिंगेन सरोवराच्या गोठलेल्या पृष्ठावर एप्रिल १९४२ मध्ये उतरलेले हॅलिफॅक्स (डब्ल्यू १०४८) बर्फ वितळल्यावर बुडाले. ते १९७३ मध्ये बाहेर काढले गेले.

क्रमांकाच्या एका अंकावर किती अवलंबून असते, हे नेदर्लंड्समधील मार्करमीर सरोवरातील शोधावरून स्पष्ट होते. २००८ मध्ये तेथे एका स्टर्लिंग विमानाचा भाग सापडला. प्रारंभी ते बीके ७१० असल्याचे मानले गेले. पुढे अवशेषांतील एका सिगारेटच्या डबीवरील आद्याक्षरे चालकदलांच्या याद्यांशी ताडून पाहता ते बीके ७१६ असल्याचे दिसून आले. हे विमान मार्च १९४३ च्या अखेरीस बर्लिनवरील हल्ल्याहून परत येताना सात जणांसह नाहीसे झाले होते. २०२० मध्ये अवशेष वर काढण्यात आले, तेव्हा त्यांत मानवी अस्थीही मिळाल्या. पहिलीच ओळख कायम राहिली असती, तर सात कुटुंबांना भलत्याच विमानाची वार्ता मिळाली असती आणि ज्यांची माणसे खरोखर तेथे होती त्यांना काहीच कळले नसते. दुसऱ्या महायुद्धात हरवलेल्या व थडगे अज्ञात असलेल्या २०,००० हून अधिक राष्ट्रकुलीय हवाई सैनिकांची नावे इंग्लंडमधील रनीमीड येथील स्मारकावर कोरलेली आहेत. या संशोधनाचे महत्त्व केवळ यंत्रांच्या हौसेपुरते नाही, हे त्यावरून ध्यानात येते.

याउलट उदाहरण ब्रह्मदेशातील आहे. युद्धाच्या अखेरीस रंगूनजवळच्या मिंगलाडॉन विमानतळावर पेटीबंद स्पिटफायर पुरून ठेवल्याची वदंता दीर्घकाळ प्रचलित होती. जानेवारी २०१३ मध्ये तेथे उत्खनन झाले. परंतु विमाने सापडली नाहीत. अशा पेट्या तेथे पोहोचल्याच नव्हत्या, असा निष्कर्ष समकालीन कागदपत्रे व उत्खनन या दोहोंवरून काढण्यात आला.

ब्रिटनमध्ये १९८६ च्या सैनिकी अवशेष संरक्षण अधिनियमानुसार लष्करी विमानांच्या अपघातस्थळांना आपोआप संरक्षण मिळते. संरक्षण मंत्रालयाच्या परवान्यावाचून तेथे खोदकाम करता येत नाही आणि मानवी अवशेष असण्याचा संभव असल्यास परवाना सामान्यतः नाकारला जातो.

जतनाचे तंत्र : ॲल्युमिनियमाच्या मिश्रधातूंचे संक्षारण (रासायनिक झीज) कणांच्या सीमांवरून आत शिरते व पत्र्याचे पापुद्रे सुटू लागतात. पोलादी खिळे व ॲल्युमिनियम यांच्या संपर्कस्थानी ओलावा साचल्यास विद्युत्‌ रासायनिक क्रियेने झीज वाढते. चाके व एंजिनांची आवरणे यांतील मॅग्नेशियम खाऱ्या पाण्यात सर्वांत लवकर नष्ट होते. म्हणून समुद्रापेक्षा गोड्या पाण्यातील अवशेष अधिक चांगले असतात. लाकडी विमानांत सरसाचे सांधे दमट हवेने सुटतात. जुन्या उपकरणांच्या तबकड्यांवरील चमकत्या रंगात रेडियम असते. त्याचा अर्धायुकाल सु. १,६०० वर्षे असल्याने रंगाची चमक गेली, तरी किरणोत्सर्ग कायम राहतो व हाताळणीत दक्षता घ्यावी लागते. आर्द्रता स्थिर राखलेले बंदिस्त दालन हा सर्वांत परिणामकारक उपाय आहे. विमान उघड्यावर ठेवणे म्हणजे त्याचा सावकाश नाश होऊ देणे होय.

अस्सलपणाचा प्रश्न : विमान उड्डाणक्षम ठेवावे की जसेच्या तसे राखावे, याविषयी तज्ञांत मतभेद आहेत. उडणाऱ्या विमानाचा आवाज व चाल यांतून जे कळते ते स्थिर नमुन्यातून कळत नाही. तथापि सुरक्षिततेसाठी जुने खिळे, पत्रे व तुळ्या बदलाव्या लागतात आणि प्रत्येक दुरुस्तीबरोबर मूळ द्रव्य व त्यावरील पुरावा कमी होतो. अपघाताचा धोकाही असतो. एलएफ ३६३ हे हरिकेन १९९१ मध्ये कोसळून जळाले; त्याच्या पुनर्बांधणीसाठी तुकडीला आपले एक स्पिटफायर विकावे लागले व ते १९९८ मध्ये पुन्हा उडाले. मे २०२४ मध्ये याच तुकडीच्या एका स्पिटफायरच्या अपघातात वैमानिकाचा मृत्यू झाला. काही प्रसंगी जुन्या क्रमांकाची पट्टी व थोडे अवशेष यांभोवती जवळजवळ संपूर्ण नवे विमान उभारले जाते. यॉर्कशरमधील एल्व्हिंग्टन येथील हॅलिफॅक्सचा मध्यभाग स्कॉटलंडच्या एका बेटावर कोंबड्यांचे खुराडे म्हणून वापरात होता आणि त्याचे पंख हेस्टिंग्ज या दुसऱ्याच जातीच्या विमानाचे आहेत. अशी संमिश्र रचना त्याज्य नाही; मात्र कोणता भाग कोठून आला याची नोंद उघडपणे ठेवली पाहिजे, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. हॉक्लिंगेनचे हॅलिफॅक्स रॉयल एअर फोर्स म्यूझियमने पूर्ववत न करता सापडलेल्या अवस्थेतच मांडले, ते मूळ पुरावा टिकविण्यासाठीच.

भारताशी संबंध : भारतीय वायुसेनेची पहिली तुकडी १९३३ मध्ये ब्रिटिश बनावटीच्या वापिटी विमानांनिशी उभी राहिली. या जातीचे एक दुर्मिळ विमान दिल्लीतील पालम येथील वायुसेना संग्रहालयात आहे. युद्धानंतर रॉयल एअर फोर्सने कानपूर येथे मोडतोड करून टाकून दिलेली अमेरिकी बनावटीची लिबरेटर विमाने हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या तंत्रज्ञांनी पुन्हा उड्डाणक्षम केली. त्यांपैकी एक (ब्रिटिश क्रमांक केएन ७५१, भारतीय क्रमांक एचई ८०७) भारताने १९७४ मध्ये रॉयल एअर फोर्स म्यूझियमला दिले. निवृत्त स्पिटफायर व टेंपेस्ट विमानांचे सांगाडेही १९७० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात भारतातून ब्रिटनला गेले. त्यांचे पूर्ण चरित्र जुळविण्यास दोन्ही देशांची दप्तरे पाहावी लागतात. गोव्यातील बोगमाळो येथील नौदलाच्या विमान संग्रहालयात सी हॉक, फायरफ्लाय व सीलँड ही ब्रिटिश विमाने जतन केलेली आहेत.

सद्यःस्थिती : युद्धकालीन विमानांचे चालक व तंत्रज्ञ आता क्वचितच हयात आहेत, त्यामुळे तोंडी साक्षीची जागा कागदपत्रांनी घेतली आहे. जेट विमानांचे प्रश्न अधिक बिकट आहेत. एक्सएच ५५८ हे उड्डाणक्षम असे अखेरचे व्हल्कन विमान, निर्मात्यांचे तांत्रिक साहाय्य संपुष्टात आल्याने, ऑक्टोबर २०१५ मध्ये शेवटचे उडाले. अभिलेखांच्या अंकीय प्रती उपलब्ध होत असल्याने दूरच्या अभ्यासकांची सोय झाली आहे. तथापि चुकीची नोंदही त्याच वेगाने पसरते. म्हणून मूळ कागद व मूळ धातू हे दोन्ही सांभाळून ठेवण्याची निकड पूर्वीइतकीच आहे.