सात औटके साडेचोवीस

परवा बऱ्याच वर्षांनी माढ्याला गेलो होतो. पाय सवयीने जुन्या शाळेकडे वळले. आमची चौथी जिथे भरायची ती खोली आता उरलेली नाही.

शाळा जिल्हा परिषदेची. बसायला घरून आणलेले पोते, पाटी पुसायला ओली चिंधी. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मुले पाणी आणायची आणि मुली जमीन सारवायच्या. गुरुजी धोतर नेसत, डोक्यावर काळी टोपी. 1957 साली दशमान नाणी आली, आणे-पै गेले. पण गुरुजींच्या वर्गातून पावकी, निमकी, सवायकी काही गेली नाही. शेवटच्या तासाला उजळणी असे. सगळ्यांत अवघड औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा. मी नेमका सातावर अडखळायचो. माझ्या शेजारी बसणारा मात्र कधीच अडखळला नाही. त्याचे अक्षरही देखणे. आधी सगळी अक्षरे काढायची आणि मग एका दमात शिरोरेघ ओढायची, हा गुरुजींचा नियम त्याच्याइतका कुणी पाळला नाही.

1972 साली पाऊस गेला. विहिरी आटल्या. माणसे दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली. घराघरांत अमेरिकेहून आलेल्या लाल मायलोच्या भाकरी होऊ लागल्या. शाळेत सुकडी मिळायची. तिची गोड चव अजून जिभेवर आहे. एके दिवशी शेजारचे पोते रिकामे दिसले. आई-बाप खडीवर, म्हणून धाकट्या बहिणीला सांभाळायला तो तिकडे गेला होता. गुरुजींनी हजेरीतून त्याचे नाव काढले नाही. रोज पुकारायचे, क्षणभर थांबायचे आणि मग पुढचे नाव घ्यायचे.

मी पुढे शिकलो, बँकेत लागलो. 1980 साली उजनी धरण पूर्ण झाले आणि तालुक्यात ऊस आला. 2004 च्या सुमारास माझी बदली याच भागातल्या एका शाखेत झाली. एके दिवशी पैसे काढायच्या स्लिपवर अंगठा उठवून एक गृहस्थ समोर उभे राहिले. नाव वाचले आणि मी खुर्चीतून उठलो.

चहा झाला. बचत खात्याला तेव्हा साडेतीन टक्के व्याज होते. त्याने विचारले, ‘‘सात हजार वरीसभर ठिवलं तर किती मिळंल?’’ मी कॅल्क्युलेटर ओढेपर्यंत तोच हसून म्हणाला, ‘‘सात औटके साडेचोवीस. दोनशे पंचेचाळीस झालं की!’’

‘‘अरे, मग अंगठा कशाला लावतोस?’’

‘‘खातं काढताना सायबानं शाईचं पॅड म्होरं केलं. लिवता येतंय का, आसं कुनी इचारलंच न्हाई.’’

ते पॅड पुढे करणारा साहेब मी नव्हतो. पण धुळीचे पाय आणि मळके धोतर पाहून मीही न विचारता किती जणांपुढे पॅड सरकवले असेल, याचा हिशेब कुठल्याच लेजरात नाही. त्याच दिवशी त्याच्या सहीचे नवे कार्ड भरून घेतले. हात थरथरत होता. त्याने सावकाश सगळी अक्षरे काढली आणि मग एका दमात शिरोरेघ ओढली.

याच माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे रणजितसिंह डिसले गुरुजी यांना 2020 साली ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. बक्षिसाची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. वाचून ऊर भरून आला. पण त्याच तालुक्यात उसाच्या हंगामात बीडकडून तोडणीच्या टोळ्या येतात. फडाच्या कडेला पाचटावर धाकट्या भावंडाला घेऊन बसलेली आठ-नऊ वर्षांची पोरे दिसतात. त्यांच्या गावच्या शाळेतही एखादे पोते रिकामे असेल. कमी पटाच्या शाळा एकत्र करण्याचे बेत निघतात, तेव्हा मला पटावरचा आकडा दिसत नाही. ते पोते दिसते.

यंदाच्या हंगामात त्यातल्या एखाद्या पोराचे नाव पुकारून, क्षणभर थांबणारा कुणी गुरुजी त्या शाळेत असावा, एवढेच वाटते.