वाहनयोग

इंदुरात नवे वाहन सरळ घरी येत नाही. ते आधी खजराण्याला जाते. मोटार असो, स्कूटर असो, की माल वाहणारी तीनचाकी असो, दुकानातून निघाल्यावर तिचा पहिला मुक्काम गणपतीचा. सणावाराला तर देवळाबाहेर गाड्यांची रांग लागते. गुरुजी बॉनेटवर कुंकवाने स्वस्तिक काढतात, झेंडूचा हार घालतात, चाकाखाली लिंबू ठेवतात, नारळ फुटतो. यजमान किल्ली देवापुढे ठेवून पुन्हा खिशात घालतो आणि खिसा दोनदा चाचपून पाहतो. मागे पोरांचे खिडकीजवळच्या जागेवरून भांडण चालू असतेच. देवी अहिल्याबाईंच्या नावाशी जोडलेले हे देवस्थान आहे. ज्या देवाने स्वतः उंदरावर भागवले, त्याच्यापुढे आपली लाखांची गाडी उभी करताना इंदूरकराला जराही संकोच वाटत नाही!

माझे घर खजराण्यातच आहे. संध्याकाळी फिरायला निघालो की ही रांग दिसते, आणि तिच्याबरोबर दुसरीही एक रांग मला दिसू लागते. ज्या गाड्या येथवर आल्याच नाहीत त्यांची. घेता आल्या असत्या, दारापर्यंत आल्या होत्या, कोणाची वेळ आली होती, कोणाचा नंबर लागला होता, पण काही कारणाने घेतल्या गेल्या नाहीत अशा गाड्या. आपल्या जुन्या मराठी घरांपैकी ज्या घरात अशी एकही गाडी नाही, असे घर मला तरी ठाऊक नाही.

या भावनेला काय म्हणावे? पश्चात्ताप म्हणता येणार नाही. पश्चात्तापाला काही तरी चुकलेले असावे लागते. येथे तर विचार करून, खर्चाचा मेळ घालून, सर्वांच्या संमतीने नाही म्हटलेले असते, आणि आज पुन्हा तोच प्रसंग आला तर उत्तरही तेच येईल. तरीही आत काही तरी राहून जाते. आपल्या भाषेने त्यासाठी एक नेमका शब्द राखून ठेवला आहे: चुटपुट. पायात रुतलेल्या बारीक काट्यासारखी ती असते. चालता येते, पण अमुक ठिकाणी पाय पडला की तो आहे हे कळते.

या बाबतीत आपल्या गावाची चुटपुट सर्वांत मोठी. श्रीमंत यशवंतराव होळकर महाराजांना मोटारींचा शौक होता, आणि त्यांची दृष्टी किती आधुनिक होती हे माणिकबागेवरून जगाला कळले. एकार्ट मुथेझियस या तरुण जर्मन वास्तुशिल्पज्ञाकडून तो महाल त्यांनी १९३० नंतरच्या दोन-तीन वर्षांत उभा करवला. त्याच नजरेने त्यांनी गाड्या निवडल्या. त्यांतली ड्यूसेनबर्ग तर जगातल्या मोटारशोकिनांना आजही तोंडपाठ आहे. यंत्र अमेरिकेत इंडियानापोलिसला तयार झाले, वरचे अंग लंडनच्या गर्नी नटिंग या कारागिरांनी घडवले, आणि रंग दिला केशरी व काळा. कंपनी या एसजे जातीच्या इंजिनाची ताकद ३२० अश्वशक्ती असल्याचे सांगे. आपल्या बाजारपेठेत त्या काळी टांग्याच्या एका अश्वशक्तीवर संसार चालत होते, हे ध्यानात घेतले म्हणजे ही गाडी पाहून लोकांना काय वाटले असेल याची कल्पना येईल. मूळ कंपनीने १९३७ मध्ये काम थांबवले. मॉडेल जे आणि एसजे मिळून पाचशे गाड्यादेखील निघाल्या नाहीत.

ती गाडी आज अमेरिकेत आहे. २८ मे १९४८ रोजी मध्य भारत राज्य झाले, संस्थाने विलीन झाली. १९६१ मध्ये महाराज गेले. १९७१ मध्ये तनखे बंद झाले. देशभरच्या संस्थानिकांच्या पागांतल्या मोटारी या काळात एकेक करून बाहेर पडल्या. त्यांचे सुटे भाग मिळत नव्हते, पेट्रोल परवडत नव्हते आणि गावात कोणालाच त्यांचा उपयोग नव्हता. परदेशी संग्राहकांना मात्र त्यांची किंमत कळत होती. सरकारने जुन्या मोटारींची निर्यात बंद केली ती १९७२ मध्ये, आणि तोवर पुष्कळशी उत्तम वाहने समुद्रापार गेली होती. माणिकबागेतल्या फर्निचराचाही १९८० मध्ये मोनॅकोला लिलाव झाला. यात दोष कोणाला द्यावा? ज्या गावाला तेव्हा दवाखाने, शाळा आणि पाणी हवे होते, त्याने एका केशरी मोटारीसाठी वर्गणी काढावी असे म्हणणे आज सोपे आहे. पण परदेशातल्या प्रदर्शनात ती गाडी उभी असलेले छायाचित्र पाहिले की इंदूरच्या माणसाला चुटपुट लागतेच.

राजवाड्यावरून सरदारांच्या वाड्यांकडे आणि तेथून कारकुनांच्या बिऱ्हाडांकडे हीच कथा लहान होत होत आली. माझे वडील होळकर संस्थानच्या हिशेबखात्यात होते. पुढे मध्य भारताचे, आणि १९५६ नंतर मध्य प्रदेशाचे नोकर झाले. खुर्ची तीच, टेबल तेच, फक्त कागदावरचा शिक्का बदलला, असे ते म्हणत. एका सरदार घराण्यातली ब्यूक मोटार त्यांना अगदी नाममात्र किमतीत देऊ केली गेली होती. त्या घरचे हिशेब वडिलांनी वर्षानुवर्षे मोबदला न घेता पाहिले होते, त्याची ही फेड. गाडी आमच्या मल्हारगंजातल्या गल्लीच्या तोंडापर्यंत आली. आत शिरली नाही, कारण गल्ली तिच्याहून अरुंद होती. सारा मोहल्ला जमला. वडिलांनी गाडीला एक प्रदक्षिणा घातली, मडगार्डवरून हात फिरवला, ड्रायव्हरला घरी बोलावून चहा दिला आणि गाडी परत पाठवली.

आईने विचारले तेव्हा ते एवढेच म्हणाले, "अहो, ही एका गॅलनला दहा मैल जाते. माझा पगार पाच मैलांत संपेल." त्या वर्षी आक्काचे लग्न ठरत होते. आक्काला चांगले घर मिळाले. ब्यूकचे पुढे काय झाले ते कळले नाही. मात्र वडील हयात असेपर्यंत रस्त्यावर जड मोटारीचा आवाज आला की वर्तमानपत्र खाली ठेवून कान देत.

त्यानंतरचा काळ नंबरांचा. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी उभारलेल्या मुंबईतल्या कारखान्यातून १९५४ पासून फियाट ११०० निघू लागली; उत्तरपाड्याहून अँबॅसडर येई, मद्रासहून स्टँडर्ड. पसंतीला वाव एवढाच, आणि तोही पैसे भरून वर्षानुवर्षे वाट पाहिल्यावर. आमच्या धाकट्या काकांची वकिली बरी चाले. त्यांनी १९६२ मध्ये फियाटसाठी नाव नोंदवले ते काकूंसाठी. काकूंना संधिवात होता. बसमध्ये चढउतार होत नसे, आणि ओंकारेश्वराला जाऊन नर्मदेचे दर्शन घ्यावे एवढीच त्यांची इच्छा होती. नंबर लागल्याचे पत्र १९६९ मध्ये आले. काकू आदल्या वर्षी गेल्या होत्या. तेव्हा असा नंबर बाजारात चढ्या भावाने सहज खपे. दोन माणसे घरी येऊनही गेली. काकांनी आपले नाव कमी करावे असे दोन ओळींचे पत्र लिहिले आणि स्वतः टपालपेटीत टाकून आले. त्यावर घरात कोणी कधी बोलले नाही.

स्कूटरची तऱ्हा याहून निराळी नव्हती. मुंबईची लँब्रेटा, पुण्याच्या बजाजची व्हेस्पा आणि १९७२ पासून राणा प्रतापांच्या घोड्याचे नाव घेऊन आलेली चेतक, यांच्यासाठी माणसे तरुणपणी नाव नोंदवीत आणि केस पिकू लागले की स्कूटर मिळे. लग्नाच्या बोलण्यात मुलाच्या शिक्षणाखालोखाल तिचे महत्त्व होते. माझे लग्न १९७४ मध्ये झाले. त्याच सुमारास सासऱ्यांचा नंबर लागला होता आणि ती स्कूटर त्यांनी आपण होऊन मला देऊ केली. माझे वडील म्हणाले, "आम्ही मुलगी मागितली आहे, व्याही. चाके मागितलेली नाहीत." विषय संपला. मी सायकल चालवीत राहिलो, आणि वडिलांचा अभिमान सायकलीच्या कॅरिअरवर बसून माझ्याबरोबर कचेरीत येत राहिला.

पण ज्या गाडीसाठी मी हे लिहायला बसलो ती पुढेच आहे. इंदुराजवळ पीथमपूरची औद्योगिक वसाहत वाढत होती. पुण्याच्या फिरोदियांची कायनेटिक आणि जपानची होंडा यांनी १९८४ मध्ये एकत्र येऊन जी स्कूटर काढली, ती तेथे तयार होऊ लागली. किक मारायची नाही, गिअर बदलायचा नाही. बटण दाबले की सुरू. लुंगीवाल्यापासून नऊवारीवालीपर्यंत कोणीही चालवावी अशी. आमच्या गावातल्या बायका स्कूटरच्या मागच्या बैठकीवरून पुढच्या बैठकीवर आल्या त्या पुष्कळशा हिच्यामुळे, असे मला वाटते.

सौ. राजवाड्याजवळच्या एका शाळेत शिकवी. टेम्पोने जाणेयेणे. त्या लांब नाकाच्या, धूर ओकणाऱ्या टेम्पोत समोरासमोर माणसे कोंबलेली, पावसाळ्यात मांडीवर वह्यांचे गठ्ठे. तिच्या शाळेतल्या एका बाईंनी ही नवी स्कूटर घेतली आणि एका शनिवारी दुपारी नेहरू स्टेडियमजवळच्या मोकळ्या रस्त्यावर सौ.ला शिकवली. मी कडेला उभा होतो. पहिली फेरी भीत भीत झाली. दुसऱ्या फेरीत तिने पदर कमरेला खोचला. तिसऱ्या फेरीत ती मला ओलांडून थेट रस्त्याच्या टोकापर्यंत गेली आणि बराच वेळ परतलीच नाही. परत आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे होते ते लग्नात नव्हते, मुलगी झाली तेव्हाही नव्हते.

१९८७ मध्ये आमच्याजवळ प्रथमच थोडे पैसे साठले, आणि त्याच महिन्यात खजराण्याजवळ जमिनीचा एक तुकडा विकाऊ असल्याचे कळले. तेव्हा या भागात शेते होती. पावसात माळव्याची काळी माती चप्पल धरून ठेवी. दोन्ही गोष्टी जमणार नव्हत्या. मी स्कूटर म्हणत होतो. ती रात्रभर काही बोलली नाही. सकाळी चहा देताना म्हणाली, "मल्हारगंजच्या दोन खोल्यांत पोरीला अभ्यासाला कोपरा नाही. जागा घेऊ या." मी पुन्हा विचारले तेव्हा हसून म्हणाली, "अहो, एक स्कूटर मामंजींनी परत पाठवली, दुसरी मी पाठवते. हिशेब बरोबर झाला."

जोतिषी सांगतात, पत्रिकेत चौथे स्थान मातेचे, वास्तूचे आणि वाहनाचेही. तिघांना मिळून एकच घर! आमच्या घरात आईपणाने आणि वास्तूने ते भरून टाकले, वाहनाला जागा उरली नाही. सौ. निवृत्त होईपर्यंत टेम्पोने, पुढे बसने जात राहिली. मुलीला अभ्यासाचा कोपरा मिळाला, ती डॉक्टर झाली. आता तिच्या दोन मोटारी आहेत आणि त्या दोन्ही खजराण्याच्या रांगेत उभ्या राहून आलेल्या आहेत. सौ. त्यांत मागे बसते. गुडघ्यांमुळे दुचाकी आता होणे नाही.

खजराण्याच्या देवळामागच्या भिंतीवर नवस बोलणारे उलटे स्वस्तिक काढतात. इच्छा पुरी झाली की येऊन सरळ काढायचे, अशी रीत आहे. ज्यांच्या इच्छा पुऱ्या झाल्या नाहीत, आणि ज्यांनी त्या दुसऱ्या कोणासाठी आपल्या हाताने बाजूला ठेवल्या, त्यांनी कोणते स्वस्तिक काढावे याची रीत मात्र मला अजून कोणी सांगितलेली नाही. मी सौ.ला एकदा विचारले, "चुटपुट लागते का गं?" ती म्हणाली, "लागते तर! पण जागा घेतली नसती तर ती याहून मोठी लागली असती." मला यापेक्षा नीट उत्तर सुचलेले नाही. दोन्ही हवेसे असले आणि एकच निवडता येत असले की एकाची चुटपुट पदरी येणारच. त्यातल्या त्यात धाकटी पत्करावी, एवढेच आपल्या हाती.

वाचकांना एक विनंती करून हे संपवतो. आपल्या जुन्या घरांत पेट्या आवरताना असे फोटो हमखास सापडतात: आजोबा, काका किंवा वडील एखाद्या झकास मोटारीच्या मडगार्डवर हात ठेवून उभे आहेत, आणि गाडी त्यांची नाही. सुना-नातवंडे विचारतात, ही कोणाची? कोणालाच सांगता येत नाही, आणि फोटो रद्दीत जातो. तसे करू नये. सांगणारे कोणी अजून घरात असेल तर आजच बसून विचारावे आणि फोटोच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवावे: गाडी कोणती, कोणाची, साल कोणते, आणि ती आपल्याकडे का आली नाही. महाराजांच्या ड्यूसेनबर्गचा इतिहास लिहायला परदेशी तज्ज्ञ आहेत. गल्लीच्या तोंडाशी येऊन परत गेलेल्या ब्यूकचा इतिहास लिहायला तुमच्या-आमच्यावाचून कोणी नाही.