सूज, शोथ आणि शोफ

मराठी बोलीत 'सूज' हा एकच शब्द गळवासही लागतो आणि हृद्रोग्याच्या पायांसही. 'अमरकोशा'त शोफ, श्वयथु व शोथ हे पर्यायच आहेत. तिन्ही फुगणे या अर्थाच्या 'श्वि' धातूचे. मराठी वैद्यकीय परिभाषेने मात्र 'शोथ' दाहयुक्त सुजेस आणि 'शोफ' ऊतकांत द्रव साठण्यास योजिला. हा भेद केवळ शब्दांचा नव्हे.

हृदयाची उजवी बाजू दुर्बळ झाली म्हणजे नीलांतील रक्त मागे तुंबते. हा रक्तसंचय होय. त्यायोगे केशवाहिन्यांतील दाब वाढतो. दाब द्रवास बाहेर लोटतो, रक्तातील प्रथिने त्यास आत धरतात, हे तत्त्व अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १८९६ मध्ये मांडले. पाझरलेला द्रव लसीकावाहिन्यांना वाहून नेता येईनासा झाला की तो ऊतकांत साठतो. पायावर बोट दाबल्यास खळगा राहतो. डावी बाजू दुर्बळ असल्यास हीच क्रिया फुप्फुसांत घडून श्वास कोंडतो. तेथे डोळ्यांस दिसणारी सूज नसतेच. म्हणून केवळ 'सूज' या शब्दावर विसंबणाऱ्यास नेमका प्राणघातक शोफच ओळखता येत नाही.