चित्रसंदेश कोठें अडतो?

चित्र, ध्वनि किंवा चलच्चित्र घेऊन मोबाइलवर येणाऱ्या संदेशास एम्. एम्. एस्. म्हणतात, हें आमच्या बहुतेक वाचकांस ऐकून ठाऊक असेल. युरोपांत ही सेवा सन २००२ मध्यें सुरू झाली. आपल्या देशांत तिचें काम आतां बहुतेक व्हॉट्सॲपनें हिरावून घेतलें आहे. परंतु अमेरिकेंत ती अद्याप प्रचारांत आहे, आणि अनेकांस मिळून लिहिलेला साधा मजकूरही तेथें पुष्कळदां ह्याच मार्गानें जातो. तेथील एखाद्या मराठी कुटुंबांतील मुलानें हौसेनें लिनक्सवर चालणारा पाइनफोन घेतला आणि त्यावर हे संदेश उतरेनासे झाले, तर नुसतीं छायाचित्रें हुकतात असें नव्हे. आजीस रुग्णालयांत नेल्याची ओळही हुकते. पाठविणारास ह्याची वार्ता नसते. "साधें उत्तरही देत नाहीं," असा बोल मात्र त्या मुलास लागतो.

चित्रसंदेश हा थेट आपल्या हातीं येत नाहीं, ही ह्या प्रकरणांतील मुख्य गोष्ट होय. पोस्टमन मोठें पार्सल घरीं न आणतां चिठ्ठी टाकून जातो, तसाच हा प्रकार आहे. संदेश प्रथम मोबाइल कंपनीच्या संदेशकेंद्रांत जाऊन पडतो. तेथून साध्या एस्. एम्. एस्. च्या पोटांत घालून एक सूचना येते. तींत संदेशाचा पत्ता, आकार आणि तो ठेवण्याची मुदत हीं असतात. मग मोडेमनें डेटाचा मार्ग उघडून त्या पत्त्यावरून संदेश उतरवून घ्यावयाचा व केंद्रास पोंच द्यावयाची. पाइनफोनवर मोडेमशीं बोलण्याचें काम मोडेममॅनेजर करतो, आणि चित्रसंदेशांची देवघेव एम्एम्एसडी-टीएनजी हा कार्यक्रम पाहतो.

दोष शोधूं लागणारे लोक बहुधा प्रथमच सेटिंगें उलथीपालथीं करितात. आमच्या मतें आधीं एकच प्रश्न विचारावा: सूचना आली काय?

ती आली नसेल, तर सिमकार्डावरील जागा भरली आहे काय, तें पाहावें. ही सूचना वाचनीय मजकूर नसून सांकेतिक अंकांची असते. मोडेमला केवळ मजकुराच्या पद्धतीनें वाचावयास लावल्यास ती हातीं लागत नाहीं. शिवाय एका एस्. एम्. एस्. मध्यें फक्त १४० बाइट मावतात. पत्ता लांबलचक असला म्हणजे सूचना दोन तुकड्यांत येते, आणि एक तुकडा अडला कीं दुसरा निरुपयोगी होतो. एकाच मोडेमवर दोन कार्यक्रम टपून बसले असतील, तर एकाची चिठ्ठी दुसराच उचलून नेतो. (मोडेम बंद करून पुन्हां चालू करण्याचा घरगुती उपाय येथें कधीं कधीं लागू पडतो, हें आम्ही नाकारीत नाहीं.)

सूचना आली पण संदेश उतरला नाहीं, तर शोध निराळ्या दिशेनें करावा. कंपनीनें दिलेलें ए. पी. एन्., संदेशकेंद्राचा पत्ता, आणि असल्यास प्रॉक्सी व तिचा पोर्ट हीं अक्षरशः जुळलीं पाहिजेत. पुष्कळ कंपन्यांचें इंटरनेटचें ए. पी. एन्. वेगळें आणि चित्रसंदेशांचें वेगळें असतें. त्याहून फसवा दोष वायफायचा. संदेशकेंद्र बहुधा कंपनीच्या जाळ्याच्या आंतूनच भेटतें. फोननें ती विनंति वायफायवरून धाडली, तर केंद्राचें नांवही ओळखलें जात नाहीं. वायफाय बंद करून पाहावें. तेवढ्यानें संदेश उतरला, तर दोष मार्गाचा आहे हें निश्चित झालें, व ती विनंति मोडेमच्याच मार्गानें जाईल अशी तजवीज करावी. केंद्र भेटलें पण त्यानें नकार दिला, असें नोंदवहींत दिसल्यास गोष्ट वेगळी. कांहीं केंद्रें फोन आपली जात काय सांगतो, तें पाहून संदेश देतात किंवा नाकारतात. तेव्हां ती ओळख बदलून पाहावी.

दर चांचणीस नवा संदेश मागवावा. जुन्याची मुदत संपली असल्यास तो केंद्रांतून पुसला गेलेला असतो, आणि आपण व्यर्थ शोधीत बसतों. तेंच सिमकार्ड साध्या फोनमध्यें घालून पाहिल्यास कंपनीची सेवा चालू आहे कीं नाहीं, हेंही उलगडतें. आणि एकच चित्र पुनःपुन्हां येऊं लागलें, तर घाबरूं नये: संदेश मिळाला आहे, फक्त त्याची पोंच केंद्रापर्यंत गेलेली नाहीं.